ठराव गाळला, वाघ छापला

अन्याय झाला तो कॅप्टन श्रीधरराव यांच्यावर, आणि तो एकदा नव्हे, दोनदा. पहिल्यांदा श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी सव्वातीन वाजता, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या त्यांच्या गावच्या रपट्यावर. एका पुढाऱ्याच्या माणसानं चारचौघांत त्यांना "ए बुढ्या, बाजूले हो" म्हटलं तेव्हा. दुसऱ्यांदा त्याच आठवड्यातल्या गुरुवारी, सकाळी साडेदहाला, अमरावतीच्या राजकमल चौकात. या दुसऱ्या प्रकरणातली आरोपी मला चांगली ठाऊक आहे. तिच्या खांद्याला पत्रकांची पिशवी होती आणि ती स्वतःवर बेहद्द खूश होती. ती मीच.

पत्रकाची सुरुवात अशीच करायची असते. अन्याय कुणावर झाला, आणि नेमका कधी. सात वर्षं मी हे काम करते आहे. आमची संघटना लहान आहे. अमरावतीत एक खोली, एक कपाट, एक अध्यक्ष आणि दोन खुर्च्या, त्यातली एक मोडकी. माजी सैनिकांची, त्यांच्या घरच्यांची गाऱ्हाणी ऐकायची, अर्ज लिहायचे, आणि अर्जानं कुणी हललं नाही की पत्रक काढायचं. बाहेरच्यांना वाटतं, राग आला की तो कागदावर ओतायचा, झालं पत्रक. तसं नसतं. चौकातला माणूस तुमचा कागद चालता चालता घेतो. चार पावलांत तो कागद एकतर खिशात जातो नाहीतर रस्त्यावर. त्या चार पावलांत त्याचं डोकं तापलं पाहिजे. म्हणून पहिल्या ओळीत अन्याय, शेवटच्या ओळीत मागणी, आणि मधे एकही थंड शब्द नको. आमचे अध्यक्ष सांगायचे, "जांभई येईल असा शब्द दिसला की काट." पोटकलम काट. जावक क्रमांक काट. ठराव काट. मी सात वर्षं काटत आले, आणि लोक म्हणायचे, पोरीच्या हातात आग आहे.

आता कॅप्टनसाहेब. मी त्यांना काका म्हणते. साधा जवान म्हणून सैन्यात गेले, इंजिनिअर्सच्या पलटणीत. हे लोक लढाईत पूल बांधतात, आणि गरज पडली तर स्वतः बांधलेला पूल उडवतातही. सुभेदार मेजर झाले, निवृत्तीच्या वेळी मानद कॅप्टनचा हुद्दा मिळाला. मी पहिल्यांदा त्यांना भेटायला गेले ती त्यांच्या सत्कारासाठी माहिती गोळा करायला. संघटनेनं ठरवलं होतं, अमरावतीत मोठा कार्यक्रम घ्यायचा, शाल, श्रीफळ, मानपत्र. मी वही उघडून विचारलं, "काका, सर्वांत मोठा पराक्रम कोणता?"

ते म्हणाले, "मी बांधलेल्या पुलावरून एकबी गाडी खाली नाही पडली."

मी वही मिटली. याचं मथळ्यात काय करणार?

मग ते मला रपट्यावर घेऊन गेले. रपटा म्हणजे नाल्यावरून जाणारा बुटका रस्ता, पुलाचा गरीब भाऊ. आठ महिने त्याच्याखालून बोटभर पाणी जातं. पावसाळ्यात डोंगराकडे पाऊस कोसळला की इकडे ऊन असतानाही पाणी रपट्यावर चढतं, आणि माणसाला वाटतं, घोट्याएवढंच तर आहे, जाऊ. आपल्या जिल्ह्यात दर पावसाळ्यात माणसं अशीच जातात. परत न येण्यासाठी.

काकांनी रपट्याच्या दोन्ही टोकांना दगडी खांब पुरून त्यांवर तीन पट्टे रंगवले होते. पाणी पांढऱ्या पट्ट्यात असलं तर चालत जा. पिवळ्यात असलं तर ट्रॅक्टर, बस जाऊ शकते, मोटरसायकल नाही. लाल पट्ट्याला टेकलं की कुणीच नाही, मग तो कलेक्टर असो की काकांचा व्याही. पण खरी गंमत पट्ट्यांची नव्हे, काडीची. पिवळ्या पट्ट्यातलं पाणीसुद्धा फसवतं, म्हणून नाल्याच्या काठावर त्यांनी वीस पावलांच्या अंतरानं दोन खुंट ठोकले होते. वरच्या खुंटापाशी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, वाळकी काडी पाण्यात टाकायची आणि मोजायचं. दहा म्हणायच्या आत काडी खालच्या खुंटापाशी पोचली, तर पट्टा कोणताही असो, रस्ता बंद.

"पाणी गाडीले आधी ढकलत नाही बेटा," काका म्हणाले. "आधी उचलते. एकदा चाक उचललं का मग लेकरू ढकललं तरी गाडी जाते."

आणि एक गोष्ट त्यांनी मला तेव्हाच दाखवली होती. लष्करी काळ्या ट्रंकेतून काढलेला कागद. ग्रामपंचायतीचा ठराव. रपट्यावर पाणी असताना वाहतूक थांबवण्याचं काम कॅप्टन श्रीधरराव यांच्याकडे, साखळी लावायची ती कोतवालानं, प्रत पोलीस ठाण्याला. खाली शिक्का. "बिगर ठरावाचं मी तथी उभं राहत नाही," काका म्हणाले होते. "फौजेत हुकूम लागते." मी मान डोलावली, आणि मनातल्या मनात तो शब्द काटला.

त्या सोमवारी पाणी पिवळ्यात होतं, पण काडी सात म्हणेपर्यंत पोचत होती. कोतवालानं साखळी लावली. अंजनगावहून अकोल्याला जाणारी एस.टी. थांबली. मागून पुढाऱ्याच्या तीन गाड्या आल्या. कुठल्याशा उद्घाटनाला जायचं होतं. हॉर्न झाले, शिव्या झाल्या, ते "ए बुढ्या" झालं. काका हात जोडून एवढंच म्हणत राहिले, "साहेब, काडी दहावर येऊ द्या, मी स्वतः साखळी काढतो." पुढारी काचा वर करून बसले. चार वाजायच्या सुमाराला वरून एक अख्खी बाभूळ आली, मुळासकट. रपट्याच्या मधोमध आडवी फिरली, कडेचे दोन दगड उपटले आणि निघून गेली. हॉर्न बंद झाले. तिन्ही गाड्या वळल्या आणि लांबच्या रस्त्यानं गेल्या. एस.टी. पावणेदोन तास थांबून, काडी बाराला आल्यावर, हळूच पलीकडे गेली.

मंगळवारी पुढाऱ्याच्या माणसानं ठाण्यात अर्ज दिला की एका निवृत्त इसमानं जमाव जमवून सार्वजनिक रस्ता अडवला. मी बुधवारी गावात पोचले, सगळं ऐकलं, आणि माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. बसमध्ये बसल्या बसल्या पत्रक लिहिलं. गुरुवारी ते चौकात होतं.

"देशासाठी लढलेल्या वाघाचा अपमान! आमच्या डोळ्यांदेखत सत्तेचा ताफा माजोरीपणे पुराच्या पाण्यात घुसत असताना, कुणाच्याही परवानगीची वाट न पाहता, कॅप्टन श्रीधरराव एकटे गाडीसमोर आडवे पडले! शेकडो गावकऱ्यांनी छातीचा कोट करून रस्ता रोखून धरला!"

पुढाऱ्यावर अकरा ओळी होत्या. बाभळीवर एकही नव्हती. ठरावावर तर नाहीच.

पत्रक गाजलं. फोनवरून गावोगाव फिरलं. शुक्रवारी पुढाऱ्याच्या माणसानं तेच पत्रक आपल्या अर्जाला जोडलं.

मला हे कळलं ते पुढच्या मंगळवारी, काकांच्या फोनवरून. आवाजात राग नव्हता, तेच जास्त बोचलं. "बेटा, ठाणेदारसाहेबांनी बोलावलं होतं. तुहं पत्रक मलेच वाचून दाखवलं. परवानगी नव्हती, जमाव होता, रस्ता रोखला, सारं त्याच्यात हाय म्हणते. आता गुन्हा नोंदवायचा का अर्ज निकाली काढायचा, ते चौकशीनंतर ठरवतील. तोवर मले रपट्यावर जायाची मनाई हाय."

"पण काका, तुमच्याजवळ ठराव आहे ना!"

"दाखवला. ते म्हणे, ठराव असन तर तुमचीच मानसं परवानगी नव्हती म्हनून काहून छापते? कागद मागून बनवला नाही कशावरून?" मग म्हणाले, "तू मले वाघ केलं बेटा. वाघाले पिंजरा लागते."

इथून पुढचे बारा दिवस मी नीट जेवले नाही. सत्काराचा हॉल देणाऱ्यांनी कळवलं, चौकशी चालू असलेल्या माणसाचा कार्यक्रम आमच्याकडे नको. मानपत्र छापून आलं होतं, ते कपाटात पडून राहिलं. सरपंच घाबरले. गुन्हा नोंदला गेला तर ठराव रद्द करावा लागेल, असं त्यांनी काकांना घरी येऊन सांगितलं. आणि पावसाळा तर अजून अर्धा शिल्लक होता. काकांचं नाव, अब्रू हे सगळं खरंच. पण मला झोपेत दिसायचा तो रपटा. लाल पट्ट्यावर चढलेलं पाणी, साखळी नाही, खांबापाशी कुणी नाही, आणि अकोल्याची एस.टी. येते आहे.

त्या दिवसांत एकदा गावात गेले तर दुपारी डोंगराकडे आभाळ काळं झालेलं. मी रपट्याकडे पळाले. खांबापाशी काकांची प्लास्टिकची खुर्ची होती आणि खुर्चीवर काकू बसल्या होत्या. हातात लाल फडकं, मांडीवर पऱ्हाटीच्या काड्यांची जुडी.

"काकू, तुम्ही?"

"त्यायले मनाई हाय. मले कोनं मना केलं?" काकू म्हणाल्या. "ते बसले हायेत ओट्यावर, पाय आपटत. दर दहा मिनिटाले फोन करून राहिले, काडी टाकली का, काडी टाकली का. जसं मी कधी स्वयंपाकात मोजमाप नाही केलं."

तेवढ्यात एक मोटरसायकलवाला आला. पाणी पिवळ्यात. काकूंनी फडकं दाखवलं. तो म्हणाला, "काकू, तुमी कोन अडवनाऱ्या?"

"मी कॅप्टनची कॅप्टन. गाडी बंद कर अन् मोज माह्यासंगं." त्यांनी काडी टाकली. "एक, दोन, तीन..." आठ म्हणताना काडी खालच्या खुंटाला लागली. "पाह्यलं? उतर आता. शेंगदाने हायेत, खा."

तो उतरला, शेंगदाणे खात बसला. मी उभीच होते. सात वर्षं लोकांना पेटवत आले होते मी. या बाईनं एका माणसाला मोजायला लावलं आणि तो थांबला.

परत जाताना मी ठरवलं. ठाण्यात जाऊन सांगायचं, पत्रक खोटं आहे. अध्यक्ष म्हणाले, "वेडी झालीस का? आपणच आपलं पत्रक खोटं म्हटलं तर उद्या आपल्याकडून कागद कोण घेईल?" त्यांचं चूक नव्हतं. या धंद्यात तेवढीच पुंजी असते. पण काकांकडे एकच ठराव होता आणि तो मी खाल्ला होता.

एकटीचा जबाब पुरणार नाही हे उघड होतं, कारण त्या सोमवारी मी तिथं नव्हतेच. "आमच्या डोळ्यांदेखत" हेही मीच घातलेलं. तिथं होता तो एस.टी.चा ड्रायव्हर. अकोल्याच्या बसस्टँडवर दोन दिवस हेलपाटे घातल्यावर तो भेटला, शेख चाचा, निवृत्तीला आलेले, चहाच्या टपरीवर बशीत चहा ओतत होते. मी पत्रक पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"बेटी, ये कौनसे रपटे की बात है?"

"तुमच्याच, चाचा. त्या सोमवारची."

"आडवे कुठी पडले वं कॅप्टनसाब? ते तर खुर्चीवर बसले होते. गुडघा दुखते त्यायचा." ते हसले, मग त्यांनी कागद पुन्हा वरून खाली चाळला. "बाभूळ कुठी हाय याच्यात?"

"गाळली."

"बाभूळ गाळली?" त्यांनी बशी खाली ठेवली. "अरे, माह्या गाडीत तीस-बत्तीस सवारी होती. दोन बाया लेकरं घेऊन. माहा पाय ॲक्सिलेटरवर होता, त्या गाड्यावाल्यानं मागून हॉर्न मारून मारून दिमाग खराब केला होता. कॅप्टनसाबनं नुसता हात वर केला. मी थांबलो. अन् मग ते झाड आलं." त्यांनी दोन्ही हातांनी झाडाची लांबी दाखवली आणि हात तसेच हवेत राहिले. "कधी येऊ जबाबाले, बोल."

रविवारी त्यांची सुट्टी होती. आम्ही दोघं ठाण्यात गेलो. काका बाहेरच्या बाकावर येऊन बसलेलेच होते, इस्त्रीचा शर्ट घालून. चाचांचा जबाब दहा मिनिटांत झाला. मग माझी पाळी. ठाणेदारसाहेबांनी पत्रक टेबलावर सपाट केलं आणि पेन्सिल घेऊन एकेका ओळीवरून चालू लागले. शेजारी एक हवालदार लिहून घेत होता.

"आमच्या डोळ्यांदेखत. तुम्ही हजर होता?"

"नाही."

"गाडीसमोर आडवे पडले?"

"नाही साहेब. खुर्चीवर होते."

"ताफा पाण्यात घुसत होता?"

"नाही. साखळीच्या मागे उभा होता. हॉर्न वाजवत होता, एवढं खरं."

"शेकडो गावकरी?"

"बसमधले धरून चाळीसही नसतील."

"छातीचा कोट?"

"तो आम्ही नेहमीच घालतो."

पेन्सिल त्या वाक्यावर येऊन थांबली. "आता हे. कुणाच्याही परवानगीची वाट न पाहता."

"हे सगळ्यांत खोटं आहे. ग्रामपंचायतीचा ठराव होता. हे घडायच्या कितीतरी आधी मी तो वाचला होता, शिक्क्यासकट. त्याची प्रत तुमच्या ठाण्यातही असायला पाहिजे. मला ठाऊक असून मी तो गाळला."

"का?"

माझ्या तोंडून खरंच निघून गेलं, "कंटाळवाणा होता."

हवालदारानं मान वर केली. "साहेब, असंच लिहू?"

"असंच लिहा," ठाणेदार म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ताई, लोक बाहेर खरं बोलतात आणि ठाण्यात येऊन खोटं. तुम्ही उलटं केलंत." त्यांनी हवालदाराला आवकची फाइल काढायला लावली. तो आत गेला. किती वेळ गेला कोण जाणे, मी फक्त भिंतीवरचं घड्याळ ऐकत होते. तो धूळ झटकत परत आला तेव्हा त्याच्या हातात ठरावाची प्रत होती. उन्हाळ्यातली. ठाण्याच्या शिक्क्याची.

त्या शिक्क्याकडे पाहून मला रडू आलं. आयुष्यात मी ज्याच्यावर सर्वांत जास्त टीका केली असेल ते म्हणजे सरकारी शिक्का.

मी बाहेर आले. काकांनी बाकावर जागा केली.

"सांगतलं?"

"सांगितलं."

"समदं?"

"सगळं. तुम्ही खुर्चीवर बसला होता तेसुद्धा."

काका ताठ झाले. "खुर्ची कायले सांगतली वं? ड्यूटीवर फौजी उभा असते!" बारा दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा खरंच उतरला. शेख चाचा इतके हसले की ठाण्यातून हवालदार डोकावला.

आठवड्याभरात कागद आला. अर्ज निकाली. सदर इसम ग्रामपंचायतीच्या ठरावानुसार कर्तव्य बजावत असल्याचे दिसून आल्याने पुढील कारवाईची आवश्यकता नाही. इतकं थंड, इतकं कंटाळवाणं वाक्य मी जन्मात वाचलं नव्हतं आणि इतकं गोडही. मी ते काकूंना तीनदा वाचून दाखवलं. छातीवरचा धोंडा उतरतो म्हणतात तो कसा, ते मला त्या दिवशी कळलं. मी ओट्यावरच झोपले आणि संध्याकाळी चहाला उठवलं तेव्हा उठले. त्याच संध्याकाळी सरपंच स्वतः नवी साखळी घेऊन आले.

हॉलवाले पुन्हा तयार झाले. काका म्हणाले, "सत्कार नोको. शाल घेऊन मी पावसात काय करू? रंग आना." मग आम्ही अमरावतीहून आठजण डबे-कुंचले घेऊन गेलो आणि आसपासच्या दोन रपट्यांवर खांब पुरून पट्टे मारले. काका मागे उभे राहून ओरडत होते, लाल पट्टा वाकडा आला म्हणून. उभे, बरं का. खुर्ची त्यांनी घरीच ठेवली होती. मानपत्र मी नव्यानं लिहिलं. नाव. पलटण. काम: पूल बांधणे. निवृत्तीनंतरचं काम: ठरावानुसार रपट्यावर वाहतूक थांबवणे. त्या सोमवारी बसमधली सगळी माणसं घरी पोचली, हे शेवटचं वाक्य. विशेषण एक नाही. शेख चाचांनी त्याची एक प्रत बसच्या काचेजवळ चिकटवली आहे.

पश्चात्ताप एवढाच की जुनं पत्रक अजून फोनांवर फिरतं आहे. परवा शेंदूरजनाघाटकडचा एक संत्र्याचा व्यापारी मला म्हणाला, "तो वाघ म्हणजे गाडीखाली झोपलेला ना?" मी त्याला बसवून सगळं सांगितलं, ठरावापासून. त्याला दोन जांभया आल्या. मी थांबले नाही.

हा अंक तुमच्या हाती येईल तोवर नाले आटले असतील. म्हणूनच आत्ता सांगते, कारण पाणी चढल्यावर कुणी ऐकत नाही. कॅप्टनांचा गौरव करायचा असेल तर टाळ्या वाजवू नका. तुमच्या रस्त्यावरच्या रपट्याला पट्ट्यांचा खांब नसेल तर येत्या ग्रामसभेला जा, उभे राहा, आणि खांबाचा आणि तिथं उभ्या राहणाऱ्या माणसाचा ठराव मागा. तो लिहून घ्या, शिक्का घ्या, प्रत ठाण्यात द्या. आणि पुढच्या पावसाळ्यात तिथं कुणी हात वर केला, तर हॉर्न वाजवू नका. गाडी बंद करा, खाली उतरा, आणि त्याच्यासोबत दहापर्यंत मोजा.